फोटोत नसलेले दोघे

(दहावी, मार्च १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'फोटोचा अहवाल' असं छापलंय. अहवाल म्हटला की हिशोब आला, म्हणून हिशोबापासूनच सुरुवात करते. मेळाव्याच्या वर्गणीतून कॅमेऱ्यासाठी तुम्ही माझ्याकडे वीस हजार रुपये दिलेत. ते सगळेच्या सगळे मी पहिल्या आठवड्यात चुकीच्या कॅमेऱ्यावर घालवले. खजिनदाराच्या तोंडाकडे बघू नका, त्याला माहीत आहे. ते पैसे मी भरून टाकले आहेत, आणि बाहेर व्हरांड्यात स्टँडवर उभा आहे तो दुसरा कॅमेरा आहे. पण चूक कशी झाली ते तुम्हाला सांगायला हवं. कारण ऑफिसात मी नव्या मुलांना जी चूक करू नका म्हणून रोज सांगते, नेमकी तीच मी केली.

आधी मूळ फोटो आठवूया. जानेवारी १९९६, आपला निरोप समारंभ. शाळेच्या पुढच्या पायऱ्यांवर तीन रांगा, मध्ये खुर्च्यांवर मुख्याध्यापक आणि बाई. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी तो फोटो आहे. करड्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली रांगेप्रमाणे सगळ्यांची नावं. नीट बघितलंत तर सगळ्यात शेवटी बारीक अक्षरांत 'गैरहजर' असं लिहून एकच नाव आहे. ते माझं. मला कांजिण्या झाल्या होत्या. तुम्ही नवे कपडे घालून पायऱ्यांवर उभे होतात तेव्हा मी नवघर रोडच्या आमच्या खोलीत, कडुनिंबाचा पाला अंथरलेल्या गादीवर पडून होते.

दोन-अडीच आठवड्यांनी आपले चित्रकलेचे सर स्वतः घरी आले. फोटोची माझी प्रत घेऊन. मी तो फोटो बघून रडायला लागले. आईने चहा टाकला, मला रागवली, आणि सर म्हणाले, "अगं, रडतेस काय? मी तरी कुठे आहे त्यात?"

खरंच नव्हते. फोटो त्यांनीच काढला होता. दरवर्षी तेच काढायचे, त्यामुळे शाळेच्या एकाही तुकडीच्या फोटोत सर नाहीत. तेव्हा मला एवढंच कळलं की गैरहजर मी एकटीच नाही. डोळे पुसायला तेवढं पुरलं.

सरांचा तो कॅमेरा तुम्हाला आठवत असेल. पुढे एकावर एक दोन गोल काचा असलेला, गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा. आठवीत शनिवारच्या हॉबी क्लासला आम्ही सात-आठ जण असू. सर वरचं झाकण उघडायचे आणि म्हणायचे, "वाकून बघ." आत दुधी काचेवर अख्खं मैदान दिसायचं, पिंपळासकट. मी कॅमेरा उजवीकडे वळवला की चित्रही उजवीकडेच पळायचं. मी विचारलं, "सर, हे उलटं का दिसतं?" त्यांनी फळ्यावर आरसा काढून दाखवला. वरच्या काचेतून येणारा उजेड आतल्या तिरक्या आरशावर आदळून वर दुधी काचेवर जातो. आरशाने चित्र सरळ होतं, पण डावं-उजवं बदललेलंच राहतं. वरची काच बघण्यासाठी, खालची फोटो काढण्यासाठी. यंत्राच्या आत काय चाललंय हे आकृती काढून समजून घेता येतं, हे मला त्या शनिवारी कळलं. पुढची सगळी इंजिनिअरिंग मी त्याच पद्धतीने शिकले.

त्याच क्लासमध्ये सरांनी आम्हाला होमाई व्यारावाला यांच्याबद्दल सांगितलं होतं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांच्या हातातही असाच दोन काचांचा कॅमेरा असायचा, रोलायफ्लेक्स, जर्मन बनावटीचा. सर म्हणायचे, रोलायफ्लेक्स आपल्याला परवडत नाही, म्हणून आपली जपानी याशिका. काम तेच.

ती याशिका २६ जुलै २००५ ला गेली. सर तेव्हा कुर्ल्याला तळमजल्यावर राहत होते. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. सरांच्या घरात पाणी छातीपर्यंत आलं. कॅमेरा गेला, आणि पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीतल्या सगळ्या तुकड्यांच्या निगेटिव्ह गेल्या. आपल्या फोटोची निगेटिव्हही त्यातच होती. म्हणजे आज आपल्या घरी ज्या प्रती आहेत तेवढ्याच. नवी निघणार नाही.

म्हणून ग्रुपवर जेव्हा टूम निघाली की तीस वर्षांनी तोच फोटो, त्याच पायऱ्यांवर, तशाच कॅमेऱ्याने पुन्हा काढायचा, तेव्हा मी पटकन हात वर केला. आपला अंधेरीकर मित्र म्हणाला, "अगं, मोबाइलने काढ. निगेटिव्ह पुरात वाहून जातात, मोबाइलचे फोटो जात नाहीत." त्याचं बरोबर आहे. मोबाइलनेही काढणार आहोत. पण मोबाइलने आपण पाच मिनिटांत चाळीस फोटो काढू, आणि चाळीसही फोटोंत कोणीतरी बोलत असेल. या कॅमेऱ्याच्या एका रोलवर बारा फोटो येतात. बाराच आहेत म्हटलं की माणसं नीट उभी राहतात. शिवाय निगेटिव्ह केवढी? साध्या कॅमेऱ्याची २४ बाय ३६ मिलिमीटर, याची साधारण ५६ बाय ५६. क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त. साठ माणसांच्या फोटोत तिसऱ्या रांगेतला चेहरा ओळखू यायचा असेल तर हा फरक दिसतो.

आता 'तसाच कॅमेरा' म्हणजे कोणता? मी माझ्या सवयीप्रमाणे तक्ता करायला बसले. याशिकाने असे दोन काचांचे कॅमेरे कितीतरी काढले. त्यातले आपल्याकडे जुन्या बाजारात दिसतात ते थोडक्यात सांगते, म्हणजे तुमच्यापैकी कोणाला मोह झाला तर उपयोगी पडेल.

'याशिका डी' हा साधा. फिल्म गोल बटण फिरवून पुढे न्यायची आणि शटर वेगळी कळ दाबून चढवायचं. विसरलात तर एकाच जागी दोन फोटो. 'याशिका ६३५' मध्ये मोठी फिल्म चालते आणि जोडणी लावली तर ३५ मिलिमीटरचीही, म्हणून नाव ६३५. पण जुन्या बाजारात ती जोडणी बहुतेक वेळा हरवलेलीच असते. या दोघांत बहुतेक ठिकाणी तीन काचांची साधी लेन्स मिळते. 'याशिका मॅट' १९५७ मध्ये आला. त्याला बाजूला हँडल आहे. हँडल फिरवलं की फिल्म पुढे सरकते आणि शटरही आपोआप चढतं. लेन्स चार काचांची, कडेपर्यंत स्वच्छ. मग १९६८ मध्ये 'मॅट १२४'. त्यात उजेड मोजणारा मीटर आला आणि बारा फोटोंच्या रोलबरोबर चोवीसचा रोलही चालू लागला. बारा आणि चोवीस, म्हणून १२४. आणि १९७० मध्ये '१२४ जी'. जी म्हणजे गोल्ड. मीटरच्या विजेच्या जोडांना सोन्याचा मुलामा.

माझ्यासारखीला काय वाटणार? सगळ्यात नवी आवृत्ती घ्यावी. आधीच्या चुका तिच्यात दुरुस्त झालेल्या असतात. मी ऑफिसात रोज हेच करते. ऑनलाइन एक १२४ जी दिसला. चकचकीत, चामड्याच्या केससकट, 'सर्व चालू' असं लिहिलेला. दुसऱ्या शहरातून कुरिअरने आला. किंमत बरोबर वीस हजार. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हेही तिथेच लिहिलं होतं. ते मी पैसे दिल्यानंतर वाचलं. मी, जी सगळ्यांना अटी वाचून सही करा म्हणून सांगते.

कॅमेरा घेऊन मी थेट सरांकडे गेले. सर आता भांडुपला मुलाकडे असतात. मला वाटलं, त्यांना आश्चर्याचा धक्का द्यावा. सरांनी चष्मा काढून ठेवला, कॅमेऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एक सेकंदाचा वेग लावला, शटर चढवलं, कॅमेरा कानाशी धरला आणि बटण दाबलं. चांगल्या शटरमधून तेव्हा बारीक घर्रर्र असा सलग आवाज येतो आणि टक् करून बंद होतो. इथे घर्रर्र सुरू झालं आणि अर्ध्यावर थांबलं. सर म्हणाले, "याला दम लागलाय. आतलं तेल सुकलंय." मग त्यांनी कॅमेरा खिडकीकडे धरला, नंतर भिंतीकडे. मीटरचा काटा दोन्हीकडे एकाच जागी. मी तरीही हट्टाने बाल्कनीत सरांचे बारा फोटो काढले. रोल धुतला तेव्हा तीनच फोटोंत सर ओळखू येत होते, बाकीचे धुक्यात गेले होते.

त्या दिवशी सरांनी मला एकच प्रश्न विचारला. "मीटरवाला कशाला घेतलास?"

मी म्हटलं, "सर, ती शेवटची आवृत्ती आहे."

"पण आपल्याला फोटो कुठे काढायचाय?"

"शाळेच्या पायऱ्यांवर."

"मग तिथला उजेड मला माहीत नाही का?"

मी गप्प बसले. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी सांगते, काय बनवायचं ते नंतर, आधी वापरणाऱ्याला विचारा त्याला काय हवंय. मी याशिकाच्या पाच प्रकारांचा तक्ता केला, किमती काढल्या, परदेशातल्या लोकांची मतं वाचली, आणि भांडुपला जाऊन ज्यांनी वीस वर्षं तो फोटो काढला त्यांना फोन केला नाही.

मग आम्ही दोघांनी तक्ता पुन्हा केला. या वेळी एका वहीच्या पानावर, सरांच्या अक्षरात. आपल्याला काय हवंय? चांगली लेन्स. वेळेवर उघडून वेळेवर बंद होणारं शटर. नीट फिरणारं हँडल. बस्स. चोवीसचा रोल आता बाजारात जवळजवळ मिळतच नाही. मीटर पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर चालायचा, तो सेल बनणंच बंद झालंय. आणि ज्या लेन्ससाठी लोक १२४ जी घेतात, त्याच ताकदीची चार काचांची, ८० मिलिमीटरची लेन्स मागच्या मॅटमध्येही मिळते. म्हणजे जीचे जास्तीचे पैसे आपण ज्या मीटरला देत होतो तो चालणार नव्हता, आणि त्याच्या तारांवरच्या सोन्याला देत होतो.

सरांनी पानाखाली आणखी एक वाक्य लिहिलं: 'मॉडेल बघू नये, नग बघावा.' पन्नास-साठ वर्षांच्या वस्तूत कारखान्याने काय फरक केला होता यापेक्षा मधल्या वर्षांत ती कोणाच्या हातात होती याचा फरक मोठा असतो. तसं तर आता आपणही त्याच वर्गात मोडतो. बाहेरून ठीक, कमी वेग कधीकधी अडकतात.

दुसरा शोध मी घरबसल्या केला नाही. एका रविवारी मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, मग बोरिवली. बोरिवलीला एका संग्राहकांकडे मॅट १२४ होता. काचेच्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, ओरखडासुद्धा नाही. सरांनी शिकवल्याप्रमाणे मी मागचं दार उघडलं, शटर उघडं ठेवलं आणि पुढून टॉर्च मारला. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. फंगस. मुंबईच्या पावसाळ्यात न वापरलेल्या लेन्सला हेच होतं. त्या गृहस्थांना स्वतःलाच माहीत नव्हतं. बिचारे माझीच माफी मागायला लागले. कपाटातली वस्तू जास्त सुरक्षित असं आपल्याला वाटतं. कॅमेऱ्याला उन्हात, वाऱ्यात नेणारा मालक लागतो.

परतताना घाटकोपरला पंतनगरमध्ये उतरले. तिथल्या एका दादांचे वडील लग्नाचे फोटो काढायचे. त्यांची याशिका मॅट. चामडं दोन ठिकाणी उचकटलेलं, नावाच्या पाटीचा रंग गेलेला, पट्टा दोरीने बांधलेला. मी कानाशी धरली. घर्रर्र, टक्. पुन्हा धरली. पुन्हा तेच. टॉर्च मारला, काच स्वच्छ. हँडल लोण्यातून फिरल्यासारखं. दादा म्हणाले, "ताई, बाबा दरवर्षी गणपतीच्या आधी सर्व्हिसिंग करून घ्यायचे. ते गेल्यावरही मी दोनदा करून घेतलं. का ते सांगता येत नाही."

मागच्या दाराच्या आतल्या बाजूला, कडेला, फिल्मला लागणार नाही अशा जागी एक चिठ्ठी चिकटवलेली होती. निळ्या शाईत: 'काळी सावली १६. मऊ सावली ११. पुसट ८. सावली नाही ५.६.' मला हसूच आलं. हेच सर आठवीत आम्हाला मैदानावर शिकवायचे. भर उन्हात अ‍ॅपर्चर १६ ठेवायचं आणि शटरचा वेग फिल्मच्या आकड्याच्या आसपास, म्हणजे १०० ची फिल्म असेल तर सेकंदाचा सव्वाशेवा भाग. मग पायापाशी आपली सावली बघायची. कड धारदार नसेल तर एक घर खाली, पुसट असेल तर आणखी एक. घाटकोपरच्या लग्नमंडपांत फिरणाऱ्या आणि आपल्या मैदानावर उभ्या राहणाऱ्या दोन माणसांनी एकमेकांना न भेटता मीटरचं काम सावलीकडे दिलं होतं.

दादांनी अकरा हजार सांगितले. मी घासाघीस केली नाही. ते म्हणाले, "एक अट आहे. फोटो आला की मला एक कॉपी द्या. बाबांच्या कॅमेऱ्याचा हा एवढा मोठा ग्रुप पहिल्यांदाच असेल."

मग फोर्टात, बोरा बाजारच्या बाजूला, कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे दोन्ही कॅमेरे नेले. मॅटचं शटर त्यांनी उघडून साफ केलं, वेग तपासले, साडेतीन हजार घेतले. १२४ जी त्यांच्याकडेच ठेवलाय. दुरुस्त होईल म्हणाले, सावकाश. तो आता माझा आहे, माझ्या खर्चाने. काकांनी निघताना एक ताकीद दिली. "याला सेल्फ-टायमर आहे. पण त्या कळीला हात लावायचा नाही. इतक्या वर्षांनी ती अडकली तर शटर घेऊन बसते."

लोकलमध्ये घाटकोपर गेल्यावर मला त्या वाक्याचा अर्थ लागला. सेल्फ-टायमर नाही, म्हणजे कोणीतरी कॅमेऱ्याच्या मागे राहणार. मी फोटो काढला तर मी पुन्हा गैरहजर. सरांनी काढला तर सर पुन्हा गैरहजर. तीस वर्षांनी एवढा खटाटोप करून आम्हा दोघांपैकी एकजण परत फोटोबाहेर.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "मला सवय आहे गं. तू उभी राहा." मी म्हटलं, "नाही सर." फोनवर दोघंही थोडा वेळ गप्प होतो. मग ते म्हणाले, "रोलवर बारा फोटो असतात ना?"

चाचणीचा रोल आम्ही गेल्या महिन्यात सरांच्या घरी न्हाणीघरात धुतला. डेव्हलपर वीस अंशांवर हवा. मुंबईच्या नळाला तसं पाणी कुठलं? परातीत बर्फाचे खडे घालून डबा थंड केला. साडेसात मिनिटं. दर मिनिटाला डबा उलटासुलटा करायचा. सरांचे हात आता थोडे थरथरतात, पण डबा उलटताना थरथरले नाहीत. रोल पाण्यातून वर काढून त्यांनी खिडकीशी धरला. बारा चौकोन, सगळे एकसारखे, मधलं अंतर एकसारखं. सर म्हणाले, "चालेल." आपल्याला चित्रकलेच्या वहीवर हा शेरा मिळाला की आपण घरी पळत जायचो, आठवतं ना?

हिशोब पूर्ण करते. कॅमेरा अकरा हजार, सर्व्हिसिंग साडेतीन हजार, रोल आणि रसायनं चार हजार दोनशे. शिल्लक एक हजार तीनशे, खजिनदाराकडे जमा. कॅमेरा मेळाव्यानंतर मी घरी नेणार नाही. चिठ्ठीसकट तो शाळेच्या चित्रकला वर्गात राहील. बाईंशी बोलणं झालंय. अट एकच, कपाटात ठेवायचा नाही, वापरायचा.

आता फोटो कसा काढायचा ते सांगते. जेवणाची घंटा होईल, पण आधी सगळे पायऱ्यांवर.

जुन्या फोटोची मोठी प्रत दाराशी लावली आहे. आपापली जागा बघा आणि तिथेच उभे राहा. उंची वाढली असेल, रुंदी वाढली असेल, तरी जागा तीच. त्या फोटोतले तिघं आज या जगात नाहीत. त्यांच्या जागा सरकून भरू नका. मोकळ्या ठेवा.

या वेळी पायऱ्यांवर थेट ऊन नसतं, इमारतीची सावली असते. चारशेची फिल्म आहे. अ‍ॅपर्चर ११, सेकंदाचा सव्वाशेवा भाग. मी मीटरने मोजलेलं नाही, सरांनी सकाळी येऊन पायाशी बघून सांगितलंय. तीनही रांगा स्पष्ट येतील. फोटो काढणारा मान खाली घालून दुधी काचेत बघत असेल, म्हणून तो तुमच्याकडे बघत नाहीये असं समजून गप्पा मारू नका. त्याला सगळं दिसतं.

पहिले पाच फोटो सर काढतील. त्यात मी आहे, तिसऱ्या रांगेत उजवीकडून चौथी, जिथे १९९६ मध्ये मला उभं राहायचं होतं. तेव्हा शेजारी कोण होतं ते तिलाच आठवत असेल, तिने तीस वर्षं जागा धरून ठेवली आहे असं मी समजते. पुढचे पाच मी काढेन, आणि सर मधल्या खुर्चीवर बसतील. सर, तुम्ही नाही म्हणायचं नाही. या शाळेच्या पायऱ्यांवर तुमचा एकही फोटो नाही, आणि तो न काढता आज कोणी जेवायला जाणार नाही.

राहिले दोन. ते काढायला यंदाच्या दहावीतली एक मुलगी आली आहे. तिथे दाराशी उभी आहे, दोन वेण्या, निळा स्वेटर. सकाळी सरांनी तिला कॅमेरा दाखवला. ती वाकली, दुधी काचेत बघितलं, कॅमेरा उजवीकडे वळवला आणि म्हणाली, "सर, हे उलटं का दिसतं?"

सर फळा शोधायला लागले. मी म्हटलं, सर, आकृती फोटो झाल्यावर. आज त्या दोन फोटोंत कोणी गैरहजर नकोय.

चला, पायऱ्यांवर.